मामांनी राखून ठेवलेली खोली

मामा गेल्याची बातमी मला ऑफिसातल्या एका चिठ्ठीनं दिली. घरवाटपाच्या विभागात माझं काम असं की कोणतं क्वार्टर, कोणती खोली, बॅरकमधली कोणती खाट रिकामी झाली याच्या चिठ्ठ्या रोज सकाळी माझ्या टेबलावर येतात आणि मी यादी काढून पुढच्या माणसाचं नाव लावतो. त्या दिवशी चार चिठ्ठ्या होत्या. तिसरीवर लिहिलं होतं : बॅरक नऊ, खोली चार, खाट तीन, रिकामी. कारण, रहिवासी मृत. मी सवयीनं आधी यादी उघडली, पुढचा नंबर कोणाचा ते पाहिलं, त्यावर बोट ठेवलं... आणि मग नाव वाचलं. दौलत वल्द लक्ष्मण, खलाशी. माझ्या आईचा चुलतभाऊ. मला या गावात घेऊन येणारा माणूस.

सायकल काढली आणि बॅरकवर गेलो. खोलीत समारू नावाचा त्यांचा सोबती होता, इथलाच छत्तीसगडी माणूस. खाट तीनची गादी गुंडाळून भिंतीला लावलेली. "बबा तो परसों गुजर गए, साहब," तो म्हणाला. "गेट के पास झाड़ के नीचे बैठे थे, बैठे ही रह गए. हम चार जनों ने सब कर दिया." मी म्हटलं, मी त्यांचा भाचा आहे, दहा मिनिटांवर राहतो, मला कोणी कळवलं का नाही? समारूनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाँचा? बबा तो कहते थे, यहाँ मेरा कोई नहीं."

या गोष्टीला दीड महिना झाला. ते वाक्य खोटं होतं असं मला म्हणता येत नाही, म्हणून हा लेख लिहितो आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. नागपूरला बी. ए. झालो तेव्हा गावात मारुतीच्या पारावर माझी मार्कशीट हातोहात फिरली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही ती उलटसुलट पाहिली. आणि नंतर आठ महिने घरी बसून होतो. मामा तेव्हा भिलाईत आले होते, कारखाना उभा राहत होता, मोठमोठे लोखंडी गर्डर दोरखंडानं वर चढवणाऱ्या खलाशांच्या टोळीत ते होते. त्यांनी निरोप धाडला, "पोट्ट्याले पाठवा. इथं शिकेल माणूस औषधाले नाही." पावर हाउस स्टेशनावर मी पॅसेंजरमधून उतरलो तर मामा पुढे आले आणि सगळ्या गर्दीत वाकून माझ्या पायाला हात लावला. आमच्या भागात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, भाचा वयानं कितीही लहान असो. पण मी आता पदवीधर होतो, पायात नवे बूट होते, आणि बाजूला एक सुटाबुटातला माणूस पाहत होता. मी पाय मागे घेतला. मामा हसले. "लाजतो कावून? बीए झाला म्हणून भाचा राहिला नाही काय?" तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. बीए, ए बीए. शेजारच्या पंजाब्याची पोरंही मला बीएभैया म्हणायला लागली.

मी त्यांच्या क्वार्टरात एक वर्ष राहिलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे आंगण. गिरजामामी बुटकी, ठसठशीत, हिरवं नाहीतर जांभळं नऊवारी लुगडं नेसणारी बाई. तिला हिंदी येत नव्हतं आणि तिचं कुठं अडतही नव्हतं. डाव्या बाजूला मल्याळी कुटुंब, उजवीकडे पंजाबी, समोर आंध्राचे, आणि ही सगळ्यांशी मराठीत बोलायची. सगळी घरं एका साच्यातली. सुरुवातीच्या दिवसांत मामा पहिल्या पाळीवरून आले, सदरा खुंटीला टांगला, जमिनीवर बसले आणि पाणी मागितलं. एका बाईनं पाण्याचा गडवा आणून दिला, ते प्याले, आणि मग ती म्हणाली, "भाईसाब, अब बताओ, आप कौन?" घर भलत्याचंच होतं. मामा हा किस्सा सांगताना दरवेळी गुडघ्यावर थाप मारत. "पाह्य बीए, आधी पाणी देल्लं, मंग नाव विचारलं. गावात आधी जात विचारतात अन् मंग ठरवतात, गडवा द्याचा का वरून ओताचं. हे शहर चांगलं आहे लेका."

विमलचं, गावीच वाढलेल्या त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न झालं तेव्हा मामी गावी गेली. लग्न पार पडलं, पाठवणी झाली, मामा कामावर परतले, मामी मागे राहिली, आणि महिन्याभरात तिला ताप भरला. तिकडेच गेली. मामा तार पाहून उभ्या उभ्या निघाले. स्टेशनावर म्हणाले, "रजेचा अर्ज तू लिहून दे, तुह्या इंग्रजीत. आपल्याच्यानं नाही होत." मी तिथंच, बाकावर बसून, माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत अर्ज लिहिला. पत्नीच्या निधनामुळे, उत्तरक्रियेसाठी, पंधरा दिवस. मामांनी खाली अंगठ्याच्या जागी कशीबशी सही केली, सही करायला त्यांना मीच शिकवलं होतं. त्या अर्जाचं पुढे काय होईल हे त्या वेळी ना त्यांच्या मनात आलं, ना माझ्या.

ते परत आले तेव्हा डोक्याचा गोटा होता. सडकेवर कोणी विचारलं तर म्हणाले, बड़े भाई गुज़र गए. मी त्या वेळी नुकताच वाटप ऑफिसात तात्पुरता कारकून म्हणून लागलो होतो आणि समारूच्याच बॅरकसारख्या एका बॅरकमध्ये राहायला गेलो होतो. मामा मला आंगणात घेऊन बसले. नियम त्यांना माहीत होता, माझ्यापेक्षा आधी माहीत होता. फॅमिली क्वार्टर बायको असलेल्याला. बायको गेली, मुलं सोबत नसली, की माणूस बॅचलर, आणि बॅचलरला बॅरकमधली खाट.

"पन्नासाव्या वर्षी मले बॅचलर करतात म्हणते," मामा म्हणाले. "जाईन नं. मले काय, खाट तं खाट. पण बीए, पोरीचं पहिलं बाळंतपण बापाच्या घरी होते. माय नाही राह्यली, निदान घर तं पायजे. गावचं घर भावाच्या वाट्याले गेलं. माह्यापाशी हेच आहे. तिचं एक बाळंतपण होऊ दे, सव्वा महिना होऊ दे, मंग मीच चाबी तुह्या टेबलावर आणून ठेवतो. तेवढं तोंड बंद ठेवशीन?"

मी म्हणालो, "मामा, मी काही बोलणार नाही." मी शब्द दिला, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

मग सुरू झालं ते आजही मला पाठ आहे. दर रविवारी मामा मामीची तीन लुगडी धूत. एकट्या माणसाला नऊ वार पिळता येत नाही. त्यांनी युक्ती काढली, एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं आणि दुसरं धरून आंगणभर मागे मागे जात पीळ घालायचा. मग दोरीवर टाकायची, सडकेवरून दिसतील अशी. आतल्या खोलीची रोज झाडलोट करायची. बाजारातून एक लहान पाळणा आणून माळ्यावर ठेवलेला. पंजाबीण विचारायची, "भाभी दिखती नहीं?" मामा म्हणायचे, "अंदर है, बेटी की राह देख रही है."

मी रविवारी जायचो. ते मला पायरीवर बसवत, चहा करत, आणि आठवडाभरात जे दिसलं ते सांगत. आधी असं नव्हतं. आधी ते मामीला सांगायचे आणि मी आतून ऐकायचो, आता मला सांगायचे. पावर हाउसच्या बाजारात रशियन बाई टमाटर हातात घेते आणि देठाजवळ वास घेऊन पाहते, "आपल्या बायासारखीच." कारखान्याचा भोंगा वाजला की माणसांचं सोड, सडकेवरच्या गायी उठून क्वार्टरांच्या मागच्या दारी येऊन उभ्या राहतात, कारण भोंग्यानंतर ताटं धुतली जातात. सडकेच्या कडेला नवी झाडं लावली होती, प्रत्येकाभोवती विटांचं जाळीदार कुंपण. मामा म्हणाले, "झाडाले बी क्वार्टर देल्लं. अन् याले कोणी विचारत नाही, तुही बायको जिती आहे काय." भाजीवाली त्यांना म्हणे, पाव किलो वांगे क्या ले रहे हो, घरवाली रूठ जाएगी. म्हणून ते अर्धा किलो घेत आणि उरलेली वांगी समोरच्या आंध्राच्या बाईला देत, "घरवाली ने भेजा है" म्हणून. मेलेली मामी शेजाऱ्यांना भाजी धाडत होती.

एकदा मात्र ते हसले नाहीत. लुगडं पिळता पिळता थांबले, टोक हातातच होतं. "सात महिने झाले रे. इतक्या लोकाईतून कोणी तिले पाह्यलं नाही, तिचा आवाज आयकला नाही, अन् कोणाले काही वाटलं नाही. लुगडं दिसलं, बस. गावात मी हे एक दिवस लपवलं असतं काय? चुलीचा धूर पाहून ओळखलं असतं." मग लुगडं दोरीवर टाकून त्याच्या घड्या सारख्या करत राहिले. "मी खोटं बोललो, खरं आहे. पण कोणीतरी पकडाले पायजे होतं, बीए. कोणीच नाही पकडलं, याचं मले जास्त लागते."

तेव्हा मला ते बोलणं नुसतं विचित्र वाटलं. आता वाटतं, शहरानं त्यांच्याशी केलेली ती दगलबाजी त्यांनी ओळखली होती. पाणी आधी आणि नाव नंतर विचारणारं शहर... पुढे नाव विचारायचंच विसरून गेलं होतं. दुसरी दगलबाजी त्यांना ओळखता आली नाही, कारण ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसून चहा पीत होती.

आमच्या विभागात नवे साहेब आले. कडक, पण शिकलेल्या माणसाची कदर करणारे. तात्पुरत्या कारकुनांपैकी कोणाला कायम करायचं ते त्यांच्या हातात होतं. एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं. समोर निरनिराळ्या खात्यांतून आलेल्या जुन्या अर्जांचा गठ्ठा होता, त्यांना चांगलं इंग्रजी लिहिणारा माणूस हवा होता. एक अर्ज त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी ओळखला. स्टेशनावरच्या बाकावर लिहिलेला. "हे अक्षर कोणाचं? खलाशाच्या अर्जात असं इंग्रजी मी पाहिलं नाही." मी म्हणालो, माझं. ते म्हणाले, "उत्तम. हा माणूस तुमचा कोण?" मी म्हणालो, मामा. त्यांनी मान हलवली, अर्ज बाजूला ठेवला. विषय संपला होता. त्यांनी क्वार्टराचं काही विचारलं नव्हतं. त्यांना दौलत खलाशी कुठं राहतो तेही माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "सर, त्यांची पत्नी वारली आहे, पण क्वार्टर अजून फॅमिली वर्गात आहे. नातेवाईक असले तरी मला हे तुमच्या कानावर घालणं भाग आहे."

ते वाक्य मी का बोललो? दीड महिना मी हेच स्वतःला विचारतो आहे. कायम व्हायचं होतं, हे खरं. पण तेवढंच नाही. माझ्या इंग्रजीची कोणीतरी पहिल्यांदा तारीफ केली होती आणि त्या क्षणी मला त्या खोलीतल्या माणसांसारखं व्हायचं होतं, नियमानं चालणारं, नात्याला न भुलणारं. आंगणात लुगडं पिळणाऱ्या माणसाचा भाचा व्हायचं नव्हतं. माझं वाक्य शब्दन् शब्द खरं होतं. मी कागदावर आजही निर्दोष आहे.

पंधरा दिवसांत क्वार्टर खाली करायचं पत्र माझ्याच हाताखालून गेलं. मी ते स्वतः नेऊन दिलं नाही, चपराशाबरोबर धाडलं. त्या रविवारी मी गेलो नाही, पुढच्याही नाही. विमलला सातवा लागला होता आणि मामा तिला आणायला जाण्याच्या बेतात होते, हे मला माहीत होतं.

चौदाव्या दिवशी मामा ऑफिसात आले. खिडकीपाशी रांगेत उभे राहिले, तीन माणसांच्या मागे. त्यांचा नंबर आला. मी उभा राहिलो, "मामा," म्हणालो. त्यांनी चाबी फळीवर ठेवली, माझ्याकडे पाहून दोन्ही हात जोडले, जसे साहेबाला जोडतात तसे. "साहब, ये चाबी. रसीद दे दीजिए."

मी म्हटलं, "मामा, मराठीत बोला नं."

"रसीद, साहब. पीछे लाइन है."

त्या दिवसापासून दोन वर्षं मामा माझ्याशी हिंदीत बोलले. मराठी आमची घरातली भाषा, ती घराच्या माणसाशी बोलायची. परक्याशी हिंदी. त्यांनी मला शिवी दिली नाही, कोणाला काही सांगितलं नाही, फक्त मला उंबऱ्याबाहेर काढलं. दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन बॅरकवर गेलो तर खाटेवरून उठले, "आइए साहब, बैठिए," म्हणाले, चहा मागवला, साखर कमी तो नहीं, विचारलं. समारूला त्यांनी मराठीतून दोन वाक्यं सांगितली, तो हसला, त्यालाही थोडं मराठी शिकवलं होतं. माझ्याकडे वळले की पुन्हा हिंदी. मी निघालो तेव्हा डबा त्यांनी धुऊन, पुसून हातात दिला. आत काहीच नव्हतं. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चार दाणे साखरेचे तरी टाकतात.

आता शेवटचं, जे सगळ्यात वाईट आहे. मी कायम झालो आणि माझं लग्न झालं. फॅमिली क्वार्टरच्या यादीत माझा नंबर लागला. त्या आठवड्यात एकच क्वार्टर रिकामं होतं. मधल्या भाडेकरूची बदली झाली होती, पत्ता मी झोपेतही सांगितला असता. मी नाकारू शकलो असतो, पुढचं घर चार महिन्यांनी मिळालं असतं. मी स्वतःशी म्हणालो, नियमानं आलं आहे. आणि सामान घेऊन त्या घरात आलो. बायकोला, सुमनला, मी एवढंच सांगितलं की आधी इथं आमचे एक नातेवाईक राहत.

मामा गेल्यावर पत्र टाकलं आणि पंधरा दिवसांनी विमल त्यांचं सामान न्यायला आली. दोन वर्षांचा मुलगा कडेवर. बॅरकवरची ट्रंक मी आधीच घरी आणून ठेवली होती. विमल सडकेच्या तोंडाशी रिक्शातून उतरली, कोणाला काही न विचारता सरळ आमच्या फाटकाशी आली आणि थांबली. तिला पत्ता मी दिला होता, त्यावरून तिनं ओळखलंच असणार, पण हे घर तेच आहे हे वेगळं लिहिण्याची हिंमत मला झाली नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. सुमनच्या समोर सांगितलं, कारण तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. शब्द दिला होता ते, अर्जाचं, आणि साहेबांनी न विचारलेलं ते वाक्य. विमलनं मुलाच्या नाकाखालचं पुसलं.

"मले माहीत आहे, दादा. बाबा आले होते नं, ज्या दिवशी चाबी देल्ली त्याच दिवशी गाडीत बसून. सासूनं तोंडावर विचारलं, बापाले घर नाही काय? बाबानं मान खाली घातली. मंग माह्यापाशी बसले अन् म्हणे, बीएनं सांगतलं असन. परका असता तं भांडलो असतो, म्हणे."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. परका असता तं भांडलो असतो, येवढंच."

सुमननं स्वयंपाक केला होता, पानं वाढली होती. तिला स्वतःला सहावा महिना आहे. ती म्हणाली, "ताई, हात धुऊन घ्या." विमलनं तिच्याकडे, तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि आवाज मऊ झाला. "जेवत नाही वो बाई. राग तुह्यावर नाही. पण एक मांगतो. आतली खोली कोणती, मागची नं? मले घटकाभर पडू दे तिथं. बाबानं राखली होती."

ती मुलाला घेऊन आत गेली. आमची गादी होती, ती तिनं बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग आतून कडी लागली. मी आणि सुमन बाहेरच्या खोलीत, वाढलेल्या पानांसमोर बसलो. बराच वेळ आतून फक्त त्या मुलाचा आवाज येत होता, तो प्रत्येक गोष्टीवर "हे काय?" विचारत होता आणि विमल त्याला सांगत होती. ही खिडकी. हा आजोबाचा माळा. इथं तू होणार होतास.

सुमन म्हणाली, "दार वाजवा, गाडी चुकेल त्यांची."

मला ते दार वाजवता आलं नाही. संध्याकाळचा भोंगा झाला तरी मी बाहेरच बसून होतो.